गोव्यातून व्हेटर्नरी अ‍ॅनेस्थेशियात पुढे शिकायचंय? मग हे आधी वाचा

बीव्हीएससीची, म्हणजे पशुवैद्यकीच्या पदवीची, इंटर्नशिप चालू असताना ज्यांना टाके घालण्यापेक्षा टेबलाच्या डोक्याकडच्या, म्हणजे भूल (अ‍ॅनेस्थेशिया) देणाऱ्याच्या, बाजूला उभं राहायला जास्त आवडतं, जनावर झोपतं कसं, जागं कसं होतं आणि जागं झाल्यावर त्याला दुखतंय की नाही हे प्रश्न ज्यांना छळतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोळ्यासमोर गोव्यातली मुलं आहेत कारण मी इथलाच, पण सावंतवाडी-बेळगावकडच्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी हे डोक्यातून काढा की "अ‍ॅनेस्थेशियाची एमव्हीएससी" मिळेल

दरवर्षी हाच प्रश्न येतो, सर भुलीची मास्टर्स कुठल्या कॉलेजात आहे. माणसांच्या मेडिकलला एमडी अ‍ॅनेस्थेशिया वेगळी असते म्हणून आपल्याकडेही असेल असं वाटतं, पण आपल्याकडे हा विषय सर्जरीच्या पोटात आहे. डिग्रीचं नाव एमव्हीएससी, व्हेटर्नरी सर्जरी अँड रेडिओलॉजी. दोन वर्षं, चार सेमिस्टर, त्यात भुलीचा स्वतंत्र पेपर आणि प्रॅक्टिकल असतं, बाकी जनरल सर्जरी, ऑर्थोपेडिक्स, डोळे, एक्स-रे-सोनोग्राफी हे सगळं करावंच लागतं. तुम्ही भुलीवाले होणार की नाही हे ठरतं ते तुमच्या थिसिसवरून आणि गाइडवरून. सर्टिफिकेटवर सर्जरीच लिहिलेलं राहणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट नोकरीच्या वेळी ते बरंच पडतं.

पीएचडी त्याच डिपार्टमेंटमधून, किमान तीन वर्षं. मास्तरकी करायची असेल तर एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट ही पात्रता परीक्षा आहे, ती मास्टर्सच्या शेवटच्या वर्षात डोक्यात ठेवा, नंतर अभ्यासाची सवय मोडते.

कुठे जायचं

गोव्यात व्हेट कॉलेज नाही त्यामुळे आपली पोरं ग्रॅज्युएशनपासूनच घर सोडून राहिलेली असतात, मास्टर्सला परत तेच. जवळचं म्हणजे नागपूरच्या माफसू (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान) विद्यापीठाची कॉलेजं. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, १८८६ सालचं, बाई साकरबाई हॉस्पिटलच्या आवारात सुरू झालेलं, मडगावहून कोकणकन्येत रात्री झोपलात की पहाटे दादर. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, पुण्याच्या अलीकडे हायवेवर, आपल्यासाठी सोयीचं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आहेतच. कर्नाटकात बिदरच्या विद्यापीठाखालची बेंगळुरू, शिवमोग्गा, हासन. दक्षिणेत चेन्नईचं मद्रास व्हेटर्नरी कॉलेज, १९०३ चं. उत्तरेत लुधियाना, आणि बरेलीजवळचं इज्जतनगर म्हणजे आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था), जी संस्था गंमत म्हणजे १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती आणि मग वर डोंगरात मुक्तेश्वरला गेली.

प्रवेशाचं म्हणाल तर राज्याच्या कोट्यातल्या जागांना डोमिसाइल बघतात, म्हणून गोवेकराला आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) अखिल भारतीय पीजी परीक्षेचा रस्ता सगळ्यात महत्त्वाचा. वर रँक आली तर स्कॉलरशिपही मिळते. बाकी विद्यापीठांची आपापली जाहिरात निघते, तारखा दरवर्षी इकडेतिकडे होतात तर वेबसाइट स्वतः बघत जा, कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर विसंबू नका. आणि स्टेट व्हेटर्नरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन इंटर्नशिप संपल्या संपल्या करून घ्या, बऱ्याच ठिकाणी मागतात.

कॉलेजपेक्षा गाइड बघा, आणि गाइडपेक्षा ओटी (ऑपरेशन थिएटर) बघा

हे मी जरा सविस्तर लिहितो कारण इथेच बहुतेक जण फसतात. मोठं नाव बघून कॉलेज घेतात आणि दोन वर्षं मशीनवर कव्हर घातलेलंच बघतात.

अर्ज करायच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. गाइडला फोन करून वेळ घ्या, पण खरी माहिती गाइडच्या केबिनमध्ये मिळत नाही, ती ओटीत मिळते. सकाळी दहाच्या सुमाराला जा, कोपऱ्यात उभं राहा, सीनियर पीजींशी बोला. काय बघायचं? अ‍ॅनेस्थेशिया मशीन चालू आहे का, आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाची वाफ करणारा व्हेपोरायझर भरलेला आहे का, त्यावर शेवटचं कॅलिब्रेशन कधीचं. सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) कधी बदलला हे विचारा, ज्याला उत्तर माहीत नाही तिथे तो बदललेलाच नसतो. कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) आहे का, असेल तर त्याची सॅम्पलिंग लाइन आहे का. अहो, मशीन असतं आणि शंभर रुपयांची लाइन नसते म्हणून ते कपाटात पडून असतं, हे आपल्याकडे सर्रास आहे. मग बघा, कुत्र्याच्या श्वासनळीत ट्यूब घालतात की नुसतं झायलॅझिन-केटामाइनचं इंजेक्शन मारून मोकळे होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भुलीचा कागद भरतात का. दर पाच मिनिटांनी हार्ट रेट, श्वास, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), ब्लड प्रेशर लिहिलेला एक साधा तक्ता. जिथे तो कागद रोज भरला जातो तिथे कोणीतरी भुलीकडे बघणारं माणूस आहे असं समजा, मग मशीन जुनं असलं तरी चालेल.

डिपार्टमेंटच्या लायब्ररीत मागच्या पाच-सात वर्षांच्या थिसिसची नावं चाळा. सगळे प्लेटिंग आणि फ्रॅक्चरचे असतील तर तुम्हालाही हाडंच मिळणार. त्यात डेक्समेडेटोमिडिन, प्रोपोफॉल, एपिड्युरल, नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणं) असे भुलीचे शब्द दिसले की त्या गाइडचं नाव लिहून घ्या.

घोडे आणि गुरं कुठे जास्त येतात तेही बघा. फक्त कुत्र्यांवर भूल शिकलात तर अर्धंच शिकलात. झायलॅझिनचंच घ्या, घोड्याला जो डोस लागतो त्याच्या साधारण एक दशांशात गाय आडवी होते, शेळी तर त्याहून हळवी. बाटल्याही वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमवाली आणि १०० वाली. घाईत लेबल न वाचता भरलं की संपलं. असल्या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात, पण ज्या कॉलेजात गोठाही आहे आणि डॉग क्लिनिकही आहे तिथे त्या हाताला लागतात.

प्रवेशाच्या आधी गोव्यात काय करून घ्यायचं

इंटर्नशिप संपल्यावर आणि कॉलेज सुरू होण्याआधी जो काळ मिळतो तो वाया घालवू नका, चवथ, दिवाळी, लग्नं यातच जातो तो. गोव्यात भूल बघायला जेवढ्या केसेस आहेत तेवढ्या कमी ठिकाणी मिळतील. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम इथे मोठं आहे, मिशन रेबीज ही रेबीजविरोधी काम करणारी संस्था २०१४ पासून इथे आहे, कुडचड्याचं गोवा अ‍ॅनिमल वेल्फेअर ट्रस्ट आहे, आणखीही संस्था आहेत. रीतसर पत्र लिहून विचारा, मदतनीस म्हणून उभं राहू देतात का ते. पणजीतल्या टोंकच्या सरकारी जनावरांच्या हॉस्पिटलातही परवानगी घेऊन बसता येतं का ते विचारून बघा.

नसबंदीच्या केसेसना हलकं समजू नका. एकाच प्रकारचं ऑपरेशन, एकामागून एक, म्हणजे भुलीतला फरक तुम्हाला स्वच्छ दिसतो. तोच डोस एका कुत्रीला पुरतो आणि दुसरी टेबलावर मान उचलते, का? वजन नजरेने धरलं म्हणून? घाबरलेली होती म्हणून? आणि गोव्यात तिसरं कारण कायम डोक्यात ठेवा, गोचीड ताप. इथल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत एर्लिकिया, बॅबेसिया एवढं आहे की वरून धडधाकट दिसणारं जनावर आतून रक्त कमी झालेलं, प्लेटलेट पडलेल्या, असं निघतं. म्हणून हिरड्या बघा. खालचा ओठ खाली ओढायचा, हिरडी गुलाबी आहे की पांढुरकी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो की नाही. अंगावर बारीक लाल ठिपके आहेत का, पोटाच्या कातडीवर आणि हिरडीवर. हे तीस सेकंदांचं काम आहे आणि त्याला ना लॅब लागते ना पैसे. काही खटकलं तर ऑपरेशन पुढे ढकला म्हणून सांगायची हिंमतही इथेच शिकायची, कारण पकडून आणलेली कुत्री परत सोडायची म्हटलं की सगळे तुमच्याकडे रागाने बघतात.

दुसरं, तापमान. गोव्यात एवढा उकाडा, जनावर गार कसं पडेल असं सगळ्यांना वाटतं. पण ओटीत एसी, पोट पूर्ण भादरलेलं, वर स्पिरिट ओतून पुसलेलं, खाली स्टीलचं टेबल, लहान पिल्लू बघता बघता ३६ डिग्रीच्या खाली येतं आणि मग तासभर जागं होत नाही. खाली टॉवेल किंवा पुठ्ठा टाकलात तरी फरक पडतो. उलट मे महिन्यातला पग किंवा बुलडॉग, नाक चपटं, घसा अरुंद, त्याला जागं होताना उकडून जीव गुदमरतो, त्याची ट्यूब जेवढा वेळ सहन करेल तेवढा वेळ राहू द्यायची आणि तोपर्यंत बाजूला बसायचं.

बाजूला बसायचं, यावर जोर देतोय कारण त्याला आकडे आहेत. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात छोट्या जनावरांच्या भुलीतल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास झाला, त्यात तब्येतीने ठणठणीत कुत्र्यांमध्ये मृत्यू साधारण ०.०५ टक्के आणि मांजरांमध्ये ०.११ टक्के निघाले, आजारी असतील तर दोन्हीत एक टक्क्याच्या वर. यातले कितीतरी मृत्यू ऑपरेशन संपल्यावर झालेले, कुत्र्यांत निम्म्याच्या आसपास, मांजरांत निम्म्याहून जास्त, आणि तेही बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे जेव्हा सर्जन हात धुऊन चहाला गेलेला असतो आणि ड्रेसर पुढचा पिंजरा आणायला, तेव्हा. त्या वेळी तिथे थांबणारा माणूस व्हा, तेवढ्यानेही बरंच शिकाल.

एक वही करा. मोबाईलवर नको, वहीच. तारीख, जात, वजन, काय औषध किती मिलिग्रॅम, किती वेळात झोपलं, काय झालं, कधी उठलं, कधी खाल्लं. मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवलीत तर गाइड मार्कशीटआधी ती उघडतो.

गणित पक्कं करा, लाजू नका

चांगली चांगली पोरं टक्के आणि मिलिग्रॅममध्ये अडकतात. जागा बधिर करणारं दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. कुत्र्यात सावध मर्यादा किलोला ४ मिलिग्रॅम धरा, तर दहा किलोच्या कुत्र्याला ४० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त २ मिलिलिटर. आता विचार करा, टाके घालायच्या आधी लोक सर्रास पाच-पाच मिलिलिटर टोचतात. छोटं पिल्लू असेल तर? मांजर असेल तर मर्यादा आणखी खाली. ब्लॉकसाठी जास्त जागा भिजवायची असेल तर सलाईन घालून पातळ करा, एकूण मिलिग्रॅम तेवढेच ठेवा. असली गणितं रोज दोन-तीन करा, प्रवेश परीक्षेलाही येतात आणि पहाटे दोन वाजता इमर्जन्सीलाही.

दुखणं मोजायला शिका, हा खरा विषय

भूल म्हटलं की पोरांना मशीन दिसतं, पण माझं मत विचाराल तर आपल्याकडे जास्त काम वेदनेत बाकी आहे. जनावर ऑपरेशनला झोपतं, उठतं, घरी जातं, आणि मग त्याचं काय होतं हे कोणी बघत नाही. "जनावरं सहन करतात हो" हे वाक्य तुम्ही सीनियर डॉक्टरांकडूनही ऐकाल. वेदनेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसपी, तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा त्यात सरळ लिहिलं की बोलून सांगता येत नाही म्हणजे माणसाला किंवा जनावराला वेदना नाही असं होत नाही. आपले पेशंट सगळे त्याच गटातले.

शिकायला साधनं फुकट आहेत. कुत्र्यांसाठी ग्लासगोचा स्केल, एकूण २४ गुण, ६ किंवा जास्त आले की वेदनाशामक द्यायचंच. मांजरांसाठी माँट्रियल विद्यापीठाचा फेलाइन ग्रिमेस स्केल, २०१९ चा, त्यात चेहऱ्याच्या पाच गोष्टी बघायच्या: कान, डोळे किती मिटलेत, तोंडाचा ताण, मिशा, आणि डोकं खांद्याच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला ० ते २, दहापैकी ४ आले की औषध. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशनची वेदनेची गाइडलाइन २०२२ मध्ये नवीन झाली, ती नेटवर मोफत आहे, ती छापून घ्या.

प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो. ऑपरेशन झालेली मांजर पिंजऱ्यात आहे. लगेच हात घालू नका. बाहेर उभं राहून अर्धा मिनिट बघा, तिला तुम्ही दिसताय पण तुम्ही काही करत नाही आहात असं. कान पुढे ताठ की बाजूला वळून चपटे? डोळे झोपेने मिटलेत की आवळून बारीक केलेत, हा फरक पहिल्या आठवड्यात कळत नाही, नंतर कळायला लागतो. मिशा सैल खाली वळलेल्या की पुढे ताठ? गुण लिहा. मग हळू हाक मारा, कुरवाळा, जखमेच्या जवळ हलकेच बोटाने दाबा, तिने मान वळवली का, अंग आखडलं का. परत लिहा. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने हेच सगळं परत. तुमचे आणि तुमच्या मित्राचे गुण वेगवेगळे आले तर भांडू नका, दोघं मिळून परत बघा, शिकणं तिथेच होतं.

गुरांकडे तर कोणी बघतच नाही. गोव्यात रस्त्यावरची गुरं प्लास्टिक खातात, पोट फुगतं, रुमेनोटॉमी, म्हणजे गाईचं मोठं पोट उघडून ते काढायचं ऑपरेशन, करावी लागते. उभ्या गाईवर, डाव्या कुशीत, लिग्नोकेनच्या ब्लॉकवर होते ती. पॅराव्हर्टिब्रल (मणक्याच्या बाजूचा) ब्लॉक द्यायचा म्हणजे शेवटच्या बरगडीची आणि कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांची नस पकडायची. नीट बसला तर त्या बाजूची कातडी गरम लागते आणि पाठ त्या बाजूला किंचित बाहेर फुगल्यासारखी वाकते. मग सुईने टोचून बघायचं, वरून खाली, पुढून मागे. इथे घाई होते, टोचल्यावर दोन मिनिटांत ब्लेड हातात घेतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. गाईचा मालक बाजूला उभा असतो, विचारतो, "दोतोर, तिका दुखता मरे?" त्याला खरं उत्तर देता यावं म्हणून ती मिनिटं.

औषधं आणि कायदा, नुसतं परदेशी पुस्तक वाचून चालत नाही

परदेशातल्या पुस्तकांत पानोपानी मेथाडोन, फेंटानिल, हायड्रोमॉर्फोन ही जोरदार वेदनाशामकं. इथे व्हेट क्लिनिकला ही मिळणं फार कठीण, नार्कोटिक्सच्या कायद्यात येतात. आपल्याकडे हाताशी असतं ब्युटॉर्फेनॉल, ट्रॅमाडॉल, मेलॉक्सिकॅम, केटामाइन आणि लिग्नोकेन. यातलं केटामाइनही २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, दुकानदाराने एक प्रत दोन वर्षं ठेवायची, तुमच्याकडे रजिस्टर, कपाटाला कुलूप. नोकरीला लागल्यावर कळण्यापेक्षा आताच सवय लावा, वापरलेलं आणि फेकलेलं दोन्ही लिहायचं.

डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, गिधाडांमुळे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी जायची. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसेक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. युरोपातल्या गाईंच्या प्रोटोकॉलमध्ये केटोप्रोफेन सर्रास लिहिलेलं दिसेल, ते इथे नाही चालणार, मेलॉक्सिकॅम घ्या, ते गिधाडांना सुरक्षित आहे. इंटरव्ह्यूमध्ये यावर प्रश्न विचारायला मला आवडेल असं म्हणणारे प्राध्यापक भेटलेत.

आणि मांजराला पॅरासिटामॉल कधीही नाही. मालक घरूनच क्रोसिनचा तुकडा देऊन आलेले असतात, ताप वाटला म्हणून. आधी ते विचारा, मग पुढचं.

थिसिस निवडताना

पहिल्या सेमिस्टरलाच सिनॉप्सिसचं (थिसिसच्या आराखड्याचं) टेन्शन सुरू होतं. जनावरांवर प्रयोग म्हणजे कॉलेजच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी, त्यात महिने जाऊ शकतात, म्हणून विषय लवकर पक्का करा. ठरलेला साचा असा की चार गट, प्रत्येकात सहा कुत्री, चार कॉम्बिनेशन, मग हार्ट रेट आणि रक्ताचे रिपोर्ट. वाईट नाही, पण असे थिसिस ढिगाने झालेत. त्यापेक्षा असा विषय घ्या ज्याचं उत्तर तुम्हाला परत गोव्यात आल्यावर वापरता येईल. नसबंदीत अंडाशयाच्या दोरीवर आणि चिरेवर लिग्नोकेन टाकलं तर वेदनेचे गुण किती कमी होतात, हे मोजायला महागडं मशीन लागत नाही. बैलाच्या शिंगाच्या कॅन्सरमध्ये कॉर्न्युअल ब्लॉकनंतर (शिंगाची नस बधिर केल्यावर) तो चारा कधी खायला लागतो, हे कोणी मोजतं का? गुण देणाऱ्या माणसाला कुठल्या जनावराला काय दिलं ते माहीत नसावं, एवढी शिस्त पाळली तर साधा विषयही वजनदार होतो. आणि स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे डेटा गोळा केल्यावर नाही, गोळा करायच्या आधी जा.

परदेश

इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि पोरं ते मिसळतात. एक, एमएस किंवा पीएचडी, म्हणजे रिसर्च डिग्री. दुसरा, रेसिडेन्सी, म्हणजे हातचं ट्रेनिंग, त्यानंतर परीक्षा देऊन डिप्लोमेट, म्हणजे मान्यताप्राप्त तज्ज्ञ. अमेरिकेत ती संस्था अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेशिया, १९७५ ची, युरोपात तशीच युरोपियन कॉलेज. रेसिडेन्सी साधारण तीन वर्षांची, त्याआधी वर्षभराची इंटर्नशिप किंवा तेवढा अनुभव मागतात, अमेरिकेत बऱ्याच जागा मॅच पद्धतीने (दोन्हीकडच्या पसंतीक्रमांची जुळणी करून) भरतात. जागा मोजक्या असतात, मिळणं कठीण आहे, सरळ सांगतो.

प्रॅक्टिसचं लायसन्स हा त्याहून वेगळा विषय. भारतीय डिग्री अमेरिकेत आपोआप चालत नाही, तिथे परदेशी डिग्रीची पात्रता तपासणारं ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह आणि मग नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा, ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेजची मेंबरशिप परीक्षा, ऑस्ट्रेलियात त्यांची वेगळी. खर्च लाखांत जातो, एजंटच्या नादी लागू नका, सगळे नियम त्या त्या संस्थेच्या साइटवर असतात.

माझा सल्ला, आधी इथे एमव्हीएससी करा. तुमच्या नावावर एखादा पेपर, भरलेली वही आणि गाइडचं मनापासून लिहिलेलं पत्र असेल तर बाहेरचा अर्ज वेगळाच दिसतो. ब्रिटनमधली असोसिएशन ऑफ व्हेटर्नरी अ‍ॅनेस्थेटिस्ट्स १९६४ पासून आहे, त्यांच्या जर्नलचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स वाचायला पैसे लागत नाहीत, महिन्याला चार वाचले तरी भाषा अंगवळणी पडते. हृदय बंद पडलं तर काय करायचं याच्या रिकव्हर गाइडलाइन्स २०२४ मध्ये नव्याने आल्यात, त्याही मोफत, त्यातला तक्ता ओटीच्या भिंतीवर चिकटवा.

परत आल्यावर

गोव्यात नुसतं भूलतज्ज्ञ म्हणून पोट भरेल का, तर आज एका क्लिनिकवर नाही भरणार. पण पणजी, म्हापसा, मडगाव, पर्वरी इथे क्लिनिकं वाढलीत, म्हातारी कुत्री वाढलीत, हार्टवाली, किडनीवाली, त्यांना भूल द्यायला सर्जन घाबरतात आणि बोलावतात. तीन-चार क्लिनिकांना फिरून भूल देणं, सोबत सांधेदुखीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची वेदनेची ओपीडी, हे जमण्यासारखं आहे. आपला मॉनिटर आपण घेऊन फिरायचा, क्लिनिकच्या भरवशावर राहायचं नाही. फी आधी ठरवा, आणि ऑपरेशन रद्द करायचा अधिकार तुमचा हेही आधीच ठरवा.

सरकारी नोकरी हवी असेल तर पशुसंवर्धन खात्यातल्या व्हेटर्नरी ऑफिसरच्या जागा गोवा लोकसेवा आयोगातून भरतात, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो आणि कोंकणी आवश्यक, मराठी असेल तर चांगलं असं जाहिरातीत असतं. तो दाखला मामलेदार कचेरीतून काढायला वेळ लागतो, तर मास्टर्सच्या सुट्टीत घरी याल तेव्हाच अर्ज टाकून ठेवा.